शिरोळहून सातासमुद्रापार : किती लांब, किती वेळ?

मंडळी, आपल्या भागात अंतर विचारले तर उत्तर किलोमीटरांत सहसा मिळत नाही. शिरोळच्या चौकात एखाद्या वाटसरूने "वाडी किती लांब हो?" असे विचारले, तर पारावरचा म्हातारा सांगतो, "ही काय, तंबाखूचा बार हाय तवर पोचाल." नृसिंहवाडी शिरोळहून चार-पाच किलोमीटर आहे, हे त्या म्हाताऱ्यालाही ठाऊक असते. पण विचारणाऱ्याला आकडा नको असतो, त्याला आपण कधी पोहोचणार हे हवे असते. वाट काळ्या रानातून आहे की मुरमाड माळावरून, मध्ये नदी आहे की ओढा, काल पाऊस झाला की नाही, हे किलोमीटरला कळत नाही. म्हणून अंतर वेळेत सांगायची आपली जुनी रीत मला कधी अडाणीपणाची वाटली नाही.

हीच रीत आता फार लांबच्या गावांना लावायची वेळ आली आहे. माती परीक्षणाची किंवा क्षारपड जमिनीच्या निचऱ्याची सभा आटोपली, चहा झाला, की एखादे वयस्क जोडपे मागे थांबते. मुलगा कॅलिफोर्नियात असतो, नाहीतर मुलगी लंडनला. "साहेब, ते सॅन फ्रान्सिस्को मुंबईपासून किती लांब येतं?" मी आकडा सांगतो. त्यांच्या चेहऱ्यावर काही फरक पडत नाही. कारण प्रश्न तो नसतोच. प्रश्न असतो की उद्या वेळ पडली, तर पोरगे किती तासांत दारात उभे राहील? तेवढ्यासाठी हा लेख.

आधी अंतराची एक गंमत समजून घेऊ. अंतरे दोन प्रकारची. एक पायाखालचे, दुसरे कावळ्याचे. खिद्रापूरला कोपेश्वराचे दर्शन घेऊन नदीकाठी उभे राहिलात तर कृष्णेपलीकडे कर्नाटकातले जुगूळ दिसते. कावळा पंख दोन-चारदा हलवून तिकडे जातो. नावेची वाट असेल तर माणूसही थोड्या वेळात जातो. पण पूल नसताना गाडीने जायचे, तर नदीला वळसा घालून किती गावे हिंडावी लागत, ते तिकडे सोयरीक केलेल्यांना विचारा. शिरोळ ते मुंबई रस्त्याने पावणेचारशे-चारशे किलोमीटर पडते, कावळ्याला मात्र सव्वातीनशेच्या आतच. बंगळूर रस्त्याने सुमारे सहाशे, कावळ्याला सव्वापाचशे. विमानाचे जे अंतर सांगतात ते हे कावळ्याचे अंतर होय.

परंतु पृथ्वी गोल असल्याने लांबच्या पल्ल्याला कावळ्याची वाटही आपल्याला वाकडी दिसू लागते. काही वर्षांपूर्वी शेतकऱ्यांच्या अभ्यासदौऱ्याबरोबर मी मुंबईहून हॉलंडला गेलो होतो. समोरच्या खुर्चीच्या पाठीला लहानसा पडदा असतो, त्यावर नकाशा आणि विमानाचे चित्र दिसते. बाहेरचे तपमान शून्याखाली पंचावन्न अंश, उंची अकरा हजार मीटर, असे आकडे त्यावर येत होते. आमच्या तुकडीतले एक जुने ऊस बागायतदार बराच वेळ त्या नकाशाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "सायेब, नाकासमोर जायचं सोडून ह्यो वर वर कशापायी चाललाय? डिझेल फुकटचं हाय व्हय?" विमानात डिझेल नसते, एक प्रकारचे रॉकेलच असते, ही गोष्ट वेगळी. पण प्रश्न रास्त होता. सरी वाकडी गेली की डोळ्यांत खुपणाऱ्या माणसाचा तो प्रश्न होता.

त्याचे उत्तर घरी कलिंगडावर करून पाहता येते. गोल कलिंगड घ्या, लांबट नको. देठाची बाजू म्हणजे उत्तर ध्रुव. फळाच्या पोटावरची मधली रेघ म्हणजे विषुववृत्त. आता देठ आणि ती रेघ यांच्या मध्यावर, सारख्या उंचीला, पण एकमेकांच्या अगदी विरुद्ध बाजूंना दोन खुणा करा. एका खुणेपासून दुसरीपर्यंत सुतळी तशीच आडवी, पोटाला समांतर नेऊन मोजा. मग तीच सुतळी देठावरून नेऊन मोजा. देठावरची सुतळी बरीच आखूड भरेल. आडवी वाट तिच्या जवळजवळ दीडपट असते. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा म्हणजे कलिंगडाची साल काढून जबरदस्तीने सपाट केलेली. तिच्यावर सरळ दिसते ते लांब पडते आणि वाकडे दिसते ते जवळचे असते. कलिंगड वाया जाऊ नये म्हणून हा प्रयोग जेवणाआधी करावा.

याचे सगळ्यात ठळक उदाहरण आपल्या शेजारच्या बंगळूरचेच आहे. बंगळूर आणि अमेरिकेतले सॅन फ्रान्सिस्को ही गावे पृथ्वीच्या जवळपास पाठीला पाठ लावून बसली आहेत. दोहोंमधले कावळ्याचे अंतर सुमारे १४,००० किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून पॅसिफिक महासागरावरून सरळ गेलो तर त्यात दोन हजारांहून अधिक किलोमीटरांची भर पडते. सुतळीची खरी वाट चीन, मंगोलिया, सैबेरियाचा पूर्वभाग आणि अलास्का अशी, बर्फाच्या मुलखातून जाते. ९ जानेवारी २०२१ रोजी एअर इंडियाचे बोइंग ७७७ विमान सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले आणि उत्तर ध्रुवावरून थेट बंगळूरला आले. चालवणाऱ्या साऱ्या जणी स्त्रिया होत्या. कॅप्टन झोया अगरवाल प्रमुख होत्या. मध्ये कुठे उतरायचे नाही, इंधन भरायचे नाही, आणि खाली हजारो किलोमीटर नुसते हिम. सतरा तासांच्या आसपास वेळ लागला.

आता घड्याळाकडे वळू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. ते विमान निघाले शनिवारी रात्री साडेआठला आणि उतरले सोमवारी पहाटे. मग रविवार कुठे गेला? बोटांवर मोजाल तर तीसच्या वर तास भरतात, आणि विमान तर सतरा तासच उडाले! उलगडा असा की पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते आणि ज्या त्या मुलखाचे घड्याळ त्याच्या सूर्याशी बांधलेले असते. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेतेरा तास मागे असते. तेवढे वजा केले की हिशोब जुळतो. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढे सरकवतात. मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार. तेव्हा फरक साडेबारा तासांचा होतो. म्हणून "गेल्या महिन्यात याच वेळेला फोन लागत होता, आता पोरगा झोपलेला कसा?" असे मनाला लावून घेऊ नका. लंडनचा फरक हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा. जाता जाता सांगतो, आपले शिरोळचे घड्याळही सूर्याशी नेमके जुळत नाही. भारताची प्रमाणवेळ पूर्वेकडच्या रेखांशाची आहे, म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो साधारण साडेबाराच्या पुढेमागे. बांधावरच्या सावलीवरून जेवणाची वेळ ठरवणारा गडी रेडिओच्या वेळेपेक्षा अर्धा तास मागे असतो तो यामुळे. आळसामुळे नव्हे.

आणखी एक शंका नेहमी येते. लंडनला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात आणि येताना तासभर कमी, असे का? उतार असतो का? उतार नाही, वारा असतो. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा मोठा लोट वाहतो, थंडीत तर जास्तच जोराने. पूर्वेकडे येणारे विमान या लोटात सापडले की पाठीवर हात ठेवून ढकलल्यासारखे होते. कृष्णेत नाव घातलेल्यांना हे सांगायला नको. समजा, संथ पाण्यात नाव तासाला सहा किलोमीटर चालते आणि धार दोनची आहे. बारा किलोमीटर धारेबरोबर दीड तासात जाल, परतताना तीन तास लागतील. एकूण साडेचार. धार नसती तर चारच लागले असते. म्हणजे जाताना मिळालेला फायदा येताना फिटतो असे नाही, पदरचे थोडे जास्तच जाते.

ढोबळ हिशोब हवा असेल तर किलोमीटरांना आठशेने भागा आणि अर्धा तास मिळवा. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर. भागून नऊ, वर अर्धा, साडेनऊ तास. मुंबई ते अ‍ॅमस्टरडॅम सुमारे ६,८६०, म्हणजे नऊ तास. फार लांबच्या पल्ल्याला हा हिशोब तासभर इकडेतिकडे होईल. मात्र वाटा नेहमी मोकळ्या असतात असेही नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना त्यांच्या आकाशातून जाणे बंद केले आणि उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला. शेजाऱ्याने बांधावरची वाट अडवली की आपण कसे ओढ्याकडून फिरून जातो, तेच.

पण मंडळी, उडण्याचे तास म्हणजे प्रवासाचे तास नव्हेत. हॉलंडच्या त्या दौऱ्यात मी वहीत टिपून ठेवले होते. शिरोळमधून पाय काढल्यापासून तिकडच्या मुक्कामाच्या खोलीत पिशवी टेकवेपर्यंत सत्तावीस तास झाले. त्यांतले उडण्याचे फक्त नऊ. बाकीचे अठरा तास मोटारीत, रांगेत आणि बाकड्यावर गेले.

याच पद्धतीने सॅन फ्रान्सिस्कोचा हिशोब करू. शिरोळला निरोप झाला की मुलगा तिकीट शोधतो. तिकीट मिळून पेटी भरेपर्यंत चार तास धरा. घरून विमानतळ एक तास, तिथे तीन तास आधी हजर राहायचे. थेट विमान दरवेळी मिळत नाही. मध्ये आखातात किंवा युरोपात उतरून दुसरे धरायचे, तर बावीस ते चोवीस तास जातात. यात वळशाचे किलोमीटर फारसे नसतात, मधला थांबाच वेळ खातो. मुंबईला उतरून शिक्के आणि सामान यांत दीड तास. पुढे गाडीने शिरोळ आठ-नऊ तास. बेरीज चाळीसच्या आसपास जाते. म्हणजे इकडे सोमवारी पहाटे सहाला काही बरेवाईट झाले, तर सगळे सुरळीत असताना मुलगा मंगळवारी रात्री दहाला दारात. कुठे एक विमान चुकले की बुधवार उजाडला.

हे लिहिताना हात अडखळतो, पण लिहिलेच पाहिजे. कारण अशा वेळी घरात वाद होतात. भावकी म्हणते, थांबायचे नाही. आई म्हणते, लेकाने तोंड बघितल्याशिवाय उचलायचे नाही. अग्नी देणे असो की दफन, प्रत्येक घराची रीत वेगळी. शीतपेटी आता बऱ्याच ठिकाणी मिळते, त्यामुळे दीड-दोन दिवस थांबणे अशक्य राहिलेले नाही. पण थांबायचे की नाही, हे वडीलधाऱ्यांनी धडधाकट असतानाच मुलांना सांगून ठेवावे असे माझे स्पष्ट मत आहे. मागे राहिलेल्यांच्या डोक्यावर ते ओझे टाकू नये. तालुक्यातल्या एका घरी (गाव सांगत नाही) म्हातारीने सगळ्यांसमक्ष सांगून टाकले होते, "माज्यासाठी पोराला पळवू नगासा. धाव्याला आला तरी चालंल, खरं आला की चार दिस ऱ्हाऊ द्या." तिच्या जाण्यानंतर त्या घरात कोणी कोणाला बोल लावला नाही.

आणि मुलगा आलाच नाही, तर लगेच "पैशाला चिकटला" असे म्हणू नका. परदेशात नोकरी करणाऱ्याच्या परवान्याची मोठी भानगड असते. अमेरिकेत कामाची मुदत वाढवून मिळालेली असली, तरी पासपोर्टवरच्या शिक्क्याची मुदत संपलेली असू शकते. असा माणूस बाहेर पडला तर त्याला नवा शिक्का घेतल्याशिवाय परत जाता येत नाही, आणि त्यासाठी कधीकधी महिनोन्‌महिने थांबावे लागते. तिकडेच जन्मलेल्या नातवंडांचा पासपोर्ट तिकडचा असतो. त्यांना इकडे यायला व्हिसा किंवा परदेशी भारतीय नागरिकाचे कार्ड लागते. ही कागदपत्रे आधीच करून ठेवा, असे पोरांना फोनवर जरूर बजावा. २०२० साली तर २३ मार्चपासून परदेशाची नेहमीची विमानेच बंद झाली, आणि ती पूर्ववत सुरू व्हायला मार्च २०२२ अखेर उजाडली. त्या काळात किती जणांनी आपल्या माणसाचा शेवटचा चेहरा फोनच्या पडद्यावर पाहिला, त्याची मोजदाद नाही.

लांबवर प्राण जाणे आपल्या कोल्हापूरला नवीन नाही. १८७० च्या उन्हाळ्यात कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेला गेले. आदल्याच वर्षी सुएझचा कालवा खुला झाला होता, तरी मुंबई ते लंडन प्रवासाला तीन-चार आठवडे लागत. परतीच्या वाटेवर, ३० नोव्हेंबर १८७० रोजी, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. आपल्या पद्धतीचे दहन तिथे कोणी कधी पाहिलेले नव्हते. बरोबरच्या मंडळींनी नदीकाठची परवानगी मिळवली आणि आर्नो नदीला मुन्योने जिथे मिळते त्या संगमावर महाराजांना अग्नी दिला. आपल्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, तसाच तो संगम. त्या बागेचे नावही काशीने! १८७४ साली तिथे त्यांच्या अर्धपुतळ्यावर छत्री उभारली गेली. तिचा आराखडा चार्ल्स मॅन्ट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला. ती छत्री आजही आहे, आणि जवळच्या मोठ्या पुलाला तिथले लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात. महाराजांनी प्रवासात लिहिलेली दैनंदिनी पुढे १८७२ साली इंग्रजीत छापली गेली. त्याच १८७० साली मुंबई ते सुएझ समुद्राखालून तारही पडली होती. निरोप माणसाच्या कितीतरी पुढे धावू लागला, तो तेव्हापासून.

पुढचे सारे फार वेगाने झाले. १८९१ साली मिरज-कोल्हापूर आगगाडी सुरू झाली. आजच्या जयसिंगपूर स्थानकाचे जुने नाव शिरोळ रोड. फ्लॉरेन्सच्या महाराजांचेच नाव धारण केलेल्या, शाहू महाराजांच्या चिरंजीवांनी, म्हणजे राजाराम महाराजांनी, १९३९ साली उजळाईवाडीचे विमानतळ सुरू केले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान पस्तीस उतारू घेऊन मुंबईहून लंडनला निघाले. वाटेत कैरो आणि जिनिव्हा, आणि उडण्यात दिवसभराचे चोवीस तास. आता ते नऊ-दहावर आले. उजळाईवाडीची विमाने मध्ये बंद पडली होती, ती २०१८ पासून उडान योजनेखाली पुन्हा उडू लागली. मार्च २०२४ मध्ये नवी इमारतही झाली. शिरोळहून ते चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, आणि मुलाला मुंबई किंवा बंगळूरहून जोडीचे विमान मिळाले, तर वरच्या हिशोबातले पाच-सहा तास वाचतात.

मात्र पावसाळ्यात आपल्याकडे हिशोब उलटा होतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि पाच-सहा दिवस पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. निपाणीकडे यमगर्णीजवळ वेदगंगा रस्त्यावर येते, सांगलीकडे अंकली-उदगावचा रस्ता पाण्याखाली जातो. वाडी-कुरुंदवाड भाग तर बेटच होतो. चौदा हजार किलोमीटर एका दिवसात कापून आलेला माणूस हातकणंगल्याला किंवा मिरजेला अडकून बसतो, पुढची सारी वाट नावेची. तेव्हा जून ते सप्टेंबरात मुलगा निघाला, तर तो विमानात बसण्याआधीच त्याला इकडची पाणीपातळी कळवा. राजापूर बंधाऱ्यावर किती फूट आहे, पंचगंगा कुठवर आली, कोणता रस्ता चालू आहे ते सांगा, आणि मुंबईला उतरायचे, बंगळूरला की बेळगावला, ते त्यावरून ठरवू द्या. विमानतळावर उतरल्यावर हे कळून उपयोग नाही, कारण तिकीट त्याआधीच काढलेले असते.